मनगटावरील घड्याळ आणि उष्मांकांचा हिशेब

कापूस वेचणीच्या दिवसांत आदिलाबाद जिल्ह्यातील काळ्या जमिनीच्या शेतांत स्त्रिया सकाळपासून कामाला लागतात. दोन्ही हात बोंडांवरून सारखे फिरत असतात. पाय मात्र सावकाश पुढे सरकतात. सायंकाळी त्याच स्त्रिया कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन, हाताने ते सावरीत, घरी परततात. हल्ली अनेकांच्या मनगटावर खर्च झालेले उष्मांक सांगणारे घड्याळ दिसते. ते यांपैकी एखादीच्या हातावर बांधले, तर तिच्या श्रमांचा खरा हिशेब त्यातून निघेल काय?

वस्तुतः उष्मांक मोजण्याचे साधन त्या घड्याळात नसतेच. ते प्रामुख्याने दोन गोष्टी टिपते. एक, मनगटाची हालचाल. दुसरी, नाडीचे ठोके. त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताच्या लहरींबरोबर परत येणाऱ्या प्रकाशात होणारा फरक ते पाहते. या नोंदींना वय, वजन, उंची यांची जोड देऊन एका सूत्राने आकडा काढला जातो. तो आकडा अनुमान होय, माप नव्हे.

खरे माप घेण्याच्या रीती निराळ्या आहेत. प्रयोगशाळेत श्वासातून किती प्राणवायू घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला, हे मोजून खर्च ठरवितात. घरी वावरणाऱ्या माणसासाठी जड हायड्रोजन व जड ऑक्सिजन असलेले पाणी पिण्यास देतात. हा हायड्रोजन शरीरातून केवळ पाण्यावाटे जातो. ऑक्सिजन मात्र पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही जातो. एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासले, की दोहोंच्या वेगांतील फरकावरून एकूण खर्च कळतो.

अशा काटेकोर मापाशी ही घड्याळे ताडून पाहिली गेली आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 60 जणांवर 7 उपकरणे तपासली आणि निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध केले. सातांपैकी सहांनी नाडीचे ठोके 5 टक्क्यांहून कमी चुकीने सांगितले. उष्मांकांत मात्र सर्वांत चांगले उपकरणही सरासरी 27 टक्के चुकले. सर्वांत वाईट तर 93 टक्के! त्वचेचा रंग गडद असता चूक अधिक होते, असेही त्यांना आढळले.

आता पुन्हा कापसाच्या शेताकडे वळू. वेचणीत हात सतत चालतात, म्हणून घड्याळ श्रम वाढवून सांगण्याचा संभव आहे. उलट डोक्यावरील ओझे सावरणारा हात स्थिर असतो. ओझ्याचे वजन तर घड्याळाला ठाऊकच नसते. आदिलाबादच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा शरीर थंड राखण्यासाठीच हृदय जलद चालते. त्यालाही घड्याळ श्रम समजते. शिवाय दिवसाच्या खर्चाचा मोठा वाटा विश्रांत शरीराचाच असतो. पाश्चात्त्यांच्या मापांवर बहुतांशी बेतलेली सूत्रे तेथे भारतीयांसाठी आकडा फुगवितात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी म्हणूनच त्यात घट केली आहे.

या चुकीचा परिणाम ताटापर्यंत पोहोचतो. घड्याळाने 300 उष्मांक सांगितले आणि खरा खर्च 220 असला, तर उरलेले 80 म्हणजे जवळजवळ एक लहानशी ज्वारीची भाकरी. आकड्यावर विसंबून ती रोज अधिक खाणाऱ्याचे वजन घटण्याऐवजी वाढेल. मधुमेहाच्या रुग्णाने तर या आकड्यावरून आहार वा औषध मुळीच बदलू नये. आणि मजुराला लागणारे अन्न या आकड्यावरून ठरविणाऱ्याच्या हातून कष्टकऱ्यावर अन्यायच घडेल.

मग घड्याळ निरुपयोगी काय? तसे नव्हे. काल किती चाललो, आज किती, नाडी किती पडली, हे ते बऱ्यापैकी सांगते. स्वतःची स्वतःशी तुलना करण्यास ते पुरेसे आहे. खाल्लेले आणि खर्चलेले यांचा ताळा मात्र महिनाभर एकाच काट्यावर, एकाच वेळी घेतलेल्या वजनावरूनच पाहावा.