कारभारी काढण्याची रीत

आमच्या बीड जिल्ह्यांत सालगड्याचा करार पाडव्यास होतो व पुढच्या पाडव्यास संपतो. मध्येंच त्यास काढावयाचें झाल्यास उचलीचा हिशेब काय, चार माणसांत सांगावयाचें काय, हे प्रश्न ज्याचे त्यानें सोडवावयाचे असतात. परंतु ज्या कारभाऱ्याच्या हातीं पुष्कळ भागधारकांचा पैसा असतो, त्यास कोण काढतें, कोणत्या रीतीनें काढतें व ती गोष्ट लोकांस कशी कळविली जाते, हें आपल्यांतील अनेकांस ठाऊक नसतें. आतां शेतकरी उत्पादक कंपन्यांचे भाग घरोघरीं आले असल्यामुळें हा विषय केवळ मुंबईच्या शेटजींचा राहिलेला नाहीं.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. अध्यक्षाचें किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचें पद निराळें, आणि संचालकाची जागा निराळी. पद संचालक मंडळानें दिलेलें असतें, म्हणून सामान्यतः मंडळच बहुमतानें तें काढून घेऊं शकतें. संचालकाची जागा मात्र भागधारकांनीं दिलेली. ती काढून घेण्यास २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १६९ व्या कलमाप्रमाणें भागधारकांची सभा भरवावी लागते, ठरावाची विशेष सूचना आधीं द्यावी लागते, व ज्यास काढावयाचें त्यास आपलें म्हणणें मांडण्याची संधि द्यावी लागते. त्याचें लेखी म्हणणें सभासदांकडे पाठविण्याचीही त्यांत सोय आहे. म्हणजे सकाळीं पद गेलेला मनुष्य दुपारीं संचालक म्हणून मंडळांत बसलेलाच असतो.

हा तिढा टाटा सन्सच्या प्रकरणांत सर्व देशानें पाहिला. डिसेंबर २०१२ मध्यें रतन टाटा यांच्यामागून सायरस मिस्त्री तेथें अध्यक्ष झाले. २४ ऑक्टोबर २०१६ रोजीं मुंबईस बाँबे हाउसमध्यें मंडळाची बैठक भरली. कार्यक्रमपत्रिकेंत अध्यक्षांस काढण्याचा विषय नव्हता; तो ऐनवेळचा विषय म्हणून पुढें आला. (ऐनवेळच्या विषयांत काय काय उरकून घेतां येतें, हें सोसायटीच्या सभांस बसणाऱ्या वाचकांस सांगावयास नकोच.) सहा संचालकांनीं अनुकूल मतें दिलीं, दोघे तटस्थ राहिले. पंधरा दिवसांची सूचना हवी होती, असा मिस्त्री यांचा आक्षेप होता. तशी सूचना लागत नाहीं असा कायदेपंडितांचा अभिप्राय आहे, असें त्यांस उत्तर मिळालें. पद तेथेंच गेलें. रतन टाटा हंगामी अध्यक्ष झाले, आणि चार महिन्यांत नवा अध्यक्ष शोधण्यासाठीं पांच जणांची समिति नेमण्यांत आली.

त्याच दिवशीं प्रसिद्धीपत्रक निघालें. अध्यक्ष बदलले, हंगामी अध्यक्ष कोण, समितीवर कोण, एवढें त्यांत होतें. कां बदलले, तें नव्हतें. आमच्या मतें सर्व गोंधळाचें मूळ येथेंच आहे. दुसऱ्या दिवशीं मिस्त्री यांनीं संचालकांस पत्र लिहिलें व तें बाहेर फुटलें. समूहाच्या कांहीं धंद्यांतील सुमारें १ लाख १८ हजार कोटि रुपये बुडीत धरावे लागतील, अशी भीति त्यांत व्यक्त केली होती. शेअरबाजारानें समूहाच्या कंपन्यांकडे खुलासे मागितले. टाटा सन्सनें आपलीं कारणें सविस्तर मांडलीं तीं १० नोव्हेंबरला, म्हणजे सतरा दिवसांनीं. तोंवर ज्याला जें वाटलें तें त्यानें धरून ठेवलें होतें.

संचालकाची जागा याहून सावकाश गेली. १९ डिसेंबरला मिस्त्री यांनीं टाटा स्टील, टाटा मोटर्स आदि कंपन्यांच्या मंडळांचा आपण होऊन राजीनामा दिला. टाटा सन्सच्या भागधारकांनीं त्यांस ६ फेब्रुवारी २०१७ रोजीं काढलें. सुमारें ६६ टक्के भाग टाटा ट्रस्टांकडे असल्यामुळें त्या निकालाविषयीं कोणास शंका नव्हती. पुढें डिसेंबर २०१९ मध्यें अपील न्यायाधिकरणानें मिस्त्री यांच्या बाजूनें निकाल दिला, व २६ मार्च २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. अध्यक्षास पदावरून काढलें एवढ्यावरून भागधारकांवर जुलूम झाला असें होत नाहीं, हें त्यांत ठरलें. मिस्त्री यांचें पुढच्याच वर्षीं पालघर जिल्ह्यांत मोटार अपघातांत निधन झालें.

शेअरबाजारांत नोंदलेल्या कंपनीस सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणें अशा बदलाची वर्दी बाजारास त्वरित व कारणासह द्यावी लागते. राजीनाम्याचें पत्रही आतां सात दिवसांत उघड करावें लागतें. ‘वैयक्तिक कारणास्तव’ या दोन शब्दांआड पूर्वी पुष्कळ कांहीं झांकलें जाई; अद्यापही जातें. टाटा सन्स स्वतः बाजारांत नोंदलेली नसल्यामुळें तिला हे नियम थेट लागू नव्हते.

आपल्या उत्पादक कंपन्याही बाजारांत नाहींत, व त्यांची घडणही थोडी वेगळी आहे. अशा कंपनीस पूर्ण वेळ मुख्य कार्यकारी असावाच लागतो. सभासदांखेरीज इतरांतून मंडळ त्यास नेमतें, त्याच्या नोकरीच्या अटी मंडळच ठरवितें, आणि तो पदसिद्ध संचालक असल्यामुळें पद गेलें कीं त्याबरोबर मंडळांतील जागाही जाते. मौज अशी कीं, मंडळाच्या बैठकीची नोटीस निदान सात दिवस आधीं काढण्याचें काम कायद्यानें त्याच्याकडेच दिलें आहे. म्हणजे त्यास काढण्याची बैठकही त्याच्याच सहीनें बोलवावी लागते! कमी मुदतीची नोटीस काढावयाची झाल्यास तिचीं कारणें लेखी नोंदवावीं लागतात. तीं इतिवृत्तांत आहेत कीं नाहींत, हें पुढील वार्षिक सभेंत विचारण्याचा सभासदांस हक्क आहे.

संचालकांतील बदल ३० दिवसांच्या आंत कंपनी निबंधकाकडे कळवावा लागतो. बँकेंतील सही मात्र त्याच दिवशीं बदलण्याचा ठराव व्हावा. सोयाबीनची खरेदी चालू असतां सहीचा अधिकार जुन्या माणसाच्याच नांवें राहिला, तर गोदामांत माल उतरवून दिलेल्या शेतकऱ्याचा पैसा अडकतो, व बियाणें आणि खताची पुढची मागणीही पाठवितां येत नाहीं.