शंभरावा माणूस

रात्री १ वाजून १२ मिनिटांनी फोन वाजला. ऑन-कॉलच्या आठवड्यात तो उशाशीच असतो. औषधं घरपोच देणाऱ्या एका अ‍ॅपची यंत्रणा आमची टीम पुण्यातून सांभाळते. अलर्टमध्ये एकच ओळ होती: ऑर्डर नोंदवण्याचा पी९९ सहा सेकंदांवर. मी लॅपटॉप उघडेपर्यंत टीममधला नवा मुलगा कॉलवर आला होता. "सर्व्हर तर सगळे हिरवे दिसतायत," तो म्हणाला. खरंच होतं. सीपीयू तीस टक्क्यांवर, मेमरी निवांत, एरर शून्य.

मी त्याला आधी सरासरीचा ग्राफ बंद करायला सांगितलं. शंभर जणांनी ऑर्डर दिली, नव्व्याण्णव जणांचं काम १०० मिलिसेकंदांत झालं आणि एकाला आठ सेकंद लागले, तर सरासरी येते १७९ मिलिसेकंद. आकडा देखणा, पण तेवढा वेळ प्रत्यक्षात कुणालाच लागलेला नसतो. पी९९ म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत संपतात ती वेळ. ती वाढली की शेपटाकडचे लोक ताटकळताहेत हे कळतं. आणि हे शेपूट वाटतं तेवढं लहान नसतं. एक स्क्रीन भरायला वीस स्वतंत्र रिक्वेस्ट जात असतील, तर त्यातली एक तरी रखडण्याची शक्यता १८ टक्क्यांवर जाते.

गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या 'साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग' या पुस्तकात चार गोष्टींवर नजर ठेवायला सांगितलं आहे: वेळ किती लागतो, मागणी किती येते, चुका किती होतात आणि यंत्रणा किती भरत आली आहे. पहिल्या तिन्हींचे ग्राफ सगळेच लावतात. चौथ्यात मात्र नेमकं काय भरतंय, हेच पुष्कळदा ध्यानात येत नाही.

ते शोधायला ट्रेस लागतो. प्रत्येक रिक्वेस्टला एक ३२ अक्षरी आयडी मिळतो आणि ती जिथे जिथे जाते तिथे तो सोबत जातो. गूगलने २०१० साली 'डॅपर'वरच्या शोधनिबंधात ही पद्धत मांडली. आम्ही त्यासाठी २०१९ साली सुरू झालेलं ओपनटेलिमेट्री वापरतो. मी सगळ्यात मंद रिक्वेस्ट उघडली. स्क्रीनवर एकाखाली एक आडव्या पट्ट्या आल्या. लॉगिन तपासणी बारीकशी, साठ्याची चौकशी बारीकशी, डेटाबेसची क्वेरी तर फक्त ४० मिलिसेकंदांची. आणि त्या क्वेरीच्या आधी साडेपाच सेकंदांची लांबलचक पट्टी: कनेक्शन मिळण्याची वाट.

पिठाच्या गिरणीत दळायला पाच मिनिटं लागतात, पण डबा रांगेत तासभर असतो. तसंच हे होतं. डेटाबेसशी बोलायला पूलमध्ये दहा कनेक्शन होती. एक वाजता सुरू होणाऱ्या रिपोर्टने त्यातली आठ धरून ठेवली होती. ऑर्डर देणाऱ्यांसाठी उरली दोन. सीपीयू निवांतच असणार, कारण काम त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

रिपोर्ट थांबवला. दोन मिनिटांत रेघ खाली आली. पुढे तो डेटाबेसच्या प्रतीवर हलवला आणि कनेक्शनसाठी किती थांबावं लागतं यावर वेगळा अलर्ट लावला.

मुलगा निघत होता, तेवढ्यात त्याने विचारलं, "पण एरर शून्य कशा?" आम्ही एनजिन्क्स या वेब सर्व्हरचा लॉग काढला. उत्तर यायच्या आत समोरच्याने जोडणी तोडली तर एनजिन्क्स ४९९ हा कोड लिहितं. आमचा एररचा ग्राफ फक्त ५०० आणि त्यापुढचे कोड मोजत होता. त्या वेळात ४९९च्या सतरा ओळी होत्या, सगळ्या ऑर्डर नोंदवण्याच्या. रात्री एक वाजता औषध मागवायला बसलेल्या आणि वाट पाहून अ‍ॅप बंद केलेल्या माणसांना आमच्या डॅशबोर्डवर जागाच नव्हती.

मी त्याला झोपायला जा म्हटलं. तो गेला नाही. डॅशबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीत ४९९चा ग्राफ लावूनच त्याने लॅपटॉप मिटला. तो ग्राफ आजही तिथेच आहे, आणि शिफ्ट सुरू करताना आम्ही आधी तो पाहतो.