शिंगराचे दूध तोडताना घाई नको

जिथे टेम्पो पोचत नाही तिथे वीट, रेती आणि माती वाहायला आजही गाढव लागते. पण गाढवे झपाट्याने कमी होत आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ मध्ये जेमतेम १ लाख २० हजार उरली. अशा वेळी घरचे शिंगरू जगवणे हीच मोठी बचत होय. पौष पौर्णिमेच्या जेजुरीच्या बाजारात किंवा अन्यत्र, स्वस्त मिळते म्हणून आईपासून लवकर तोडलेले पिल्लू घेणे हा मात्र तोट्याचा सौदा आहे.

जन्मल्यावर पहिल्या काही तासांत पिल्लाच्या पोटात आईचा चीक गेलाच पाहिजे. रोगाशी लढण्याची ताकद त्यातूनच येते. दोन-तीन महिन्यांपासून पिल्लू आईबरोबर चारा खाऊ लागते. त्याला कोरडे गवत, स्वच्छ पेंढा आणि थोडा कोंडा द्यावा. बुरशी लागलेला पेंढा कधीही देऊ नये.

सहा महिने पुरे होण्याआधी दूध तोडू नये. खांब, कोलाड, रोहा या भागात आणखी एक हिशेब ठेवावा लागतो, तो पावसाचा. गाढवाच्या केसांना पुरेसा तेलकटपणा नसल्याने पाणी थेट कातडीपर्यंत जाते. दूध तुटल्याचा धक्का आणि ओल एकत्र आली की पिल्लाला न्यूमोनिया होण्याची भीती असते. म्हणून ऑक्टोबरात जन्मलेल्याचे दूध मे महिन्यात तोडावे. मार्चमध्ये जन्मलेल्याचे पाऊस ओसरल्यावर.

दूध एका दिवसात तोडू नये. आईला प्रथम दोन-तीन तास दूर न्यावे, मग रोज वेळ वाढवावा. पिल्लाजवळ ओळखीचे दुसरे शांत गाढव ठेवावे. आईचा कोंडा कमी करावा आणि तिची कास सुजते का ते पाहावे. पिल्लाने किंवा आईने चारा सोडला तर वाट पाहू नये. उपाशी गाढवाच्या रक्तात चरबी वाढून ते दगावू शकते. लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. धनुर्वाताची लस आणि जंताचे औषधही तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे.

गोठा कोरडा आणि उंचवट्यावर असावा. खूर रोज साफ करावेत आणि दर दीड-दोन महिन्यांनी जाणकाराकडून तासून घ्यावेत. तीन वर्षांच्या आत पाठीवर ओझे लादू नये. कोवळी हाडे वाकली की जनावर जन्माचे निकामी होते. नीट जपलेले गाढव मात्र पंचवीस वर्षेही जगते.

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) स्वतः गाढवावर बसत. गाढवाच्या तोंडावर दिलेला डाग पाहून त्यांनी कडक शब्दांत निषेध केला होता. मुके जनावर आपल्याकडे अमानत आहे. ती सांभाळली तर धंद्यात बरकतही येईल, इन्शाअल्लाह.