पेढीवरचे हिरवे कापड : डिजिटल चित्रफीत आणि दृश्य-परिणामांचे पहिले धडे

गेल्या चातुर्मासाच्या प्रारंभीची गोष्ट. रविवारची दुपार होती. भोजन आटोपून घरातील मंडळी दिवाणखान्यात बसली असता धाकट्या पुतण्याने एक गुळगुळीत छापील पत्रक ज्येष्ठ बंधूंच्या पुढ्यात ठेवले. व्हिज्युअल इफेक्ट्स, म्हणजे दृश्य-परिणाम, या विषयाचा एका वर्षाचा अभ्यासक्रम. शुल्क एक लाख नव्वद हजार. खाली ठळक अक्षरांत : नोकरीची हमी.

पुतण्या नुकताच बी. कॉम. उत्तीर्ण झालेला. आमचे कापडाचे दुकान तीन पिढ्यांचे, आणि चौथ्या पिढीतील हा पहिला मुलगा गादीवर बसेल असे सर्वांनी गृहीत धरलेले. बंधूंनी पत्रक उलटेपालटे करून पाहिले आणि शांतपणे एकच प्रश्न विचारला, "या धंद्यात उधारी किती दिवसांची?"

प्रश्नात उपहास नव्हता. ज्याला व्यापार कळतो तो कोणत्याही नव्या व्यवसायाविषयी प्रथम हेच विचारील. पण उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. शेवटी मी मध्यस्थी केली. सहा महिने घरीच, विनामूल्य साधनांवर हा विषय शिकावा; दुकान बंद झाल्यावर रात्री मीही त्याच्यासोबत बसेन; नंतर शुल्काचा विचार करू. बंधूंनी एक अट घातली : सकाळी दहा ते सायंकाळी सात दुकान सुटता कामा नये. असे पत्रक ज्या घरी आले आहे किंवा येऊ घातले आहे, तेथील वडीलधाऱ्यांसाठी त्या सहा महिन्यांचा हा वृत्तांत.

पहिल्याच रात्री दुकानाचे चित्रण केले. संगणकावर पाहतो तो काय, भिंतीवर काळसर पट्टे वरून खाली सरकत होते. मोबाइल बिघडला असे मला वाटले. कारण निराळेच होते. चलचित्र म्हणजे एकामागून एक दाखविलेली स्थिरचित्रे. चित्रपटात सेकंदाला २४, आपल्याकडील दूरचित्रवाणीत २५. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि हलके एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. प्रत्येक चित्रासाठी प्रकाश आत घेण्याचा अवधी सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला की पट्टे नाहीसे होतात. मोबाइलचे सारे काही 'ऑटो'वर सोपवू नये, हा पहिला धडा आम्हांला असा मिळाला.

दुसरा धडा मात्र मला शिकवावाच लागला नाही. दिव्याखाली पाहिलेली साडी गिऱ्हाईक दाराशी नेऊन उन्हात का पाहते, हे कापडवाल्याला कोणी सांगावे लागत नाही. साध्या पिवळ्या दिव्याचे वर्णमान ३,००० केल्विनच्या आसपास, दुपारच्या उजेडाचे ५,६०० च्या जवळपास. एकच रंग दोन ठिकाणी दोन दिसतो. कॅमेऱ्याला पांढरे कशाला म्हणायचे ते आधी सांगावे लागते, त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. पुतण्या पुस्तकी व्याख्या वाचत होता आणि मी म्हटले, "अरे, हे तर आपले दाराशी जाणे!" त्या दिवसापासून मला या विषयाची भीती वाटेनाशी झाली.

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांना जाता जाता सांगण्याजोगी. जुन्या काळची फिल्म जिलेटिनच्या थरावाचून होत नसे. चांदीचे क्षार त्या थरात धरून ठेवलेले असत, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. डिजिटल कॅमेऱ्यात त्या फितीची गरज उरली नाही. आमच्या एका वयोवृद्ध नातलगांना हे कळले तेव्हा त्यांनी पुतण्याच्या निवडीला असलेला आपला निम्मा विरोध तिथल्या तिथे मागे घेतला.

दृश्य-परिणामांची विद्या संगणकाने आणली असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. फ्रान्समधील जादूगार जॉर्ज मेलिएस याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच कॅमेरा थांबवून, वस्तू बदलून, पुन्हा चालू करण्याची युक्ती वापरली. आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) करण्यापूर्वी कुंडीत बी पेरून त्याच्या अंकुराची वाढ एकेक चित्र घेत टिपली आणि महिन्याची वाढ क्षणांत दाखविली. ती फीत पाहूनच त्यांना भांडवल मिळाले. आधी नमुना, मग भांडवल. व्यापाऱ्याला हा क्रम नवा नाही. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३६ साली 'संत तुकाराम'मध्ये तुकोबांचे वैकुंठगमन दाखविले, तेव्हा संगणक कोठे होता? त्याच प्रभातच्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे.

आता शीर्षकातील हिरव्या कापडाविषयी. दीड महिन्यानंतर पुतण्याने गोदामातून पोपटी रंगाच्या पॉपलिनचा एक तागा शोधून काढला. तीन वर्षे पडून असलेला माल. गिऱ्हाईक त्याच्याकडे वळूनही पाहत नव्हते. त्याने नऊ मीटर मागितले. पात्रामागे असे एकरंगी कापड लावून चित्रण केले की संगणकाला 'हा रंग काढून टाक' असे सांगता येते, आणि रिकाम्या जागी हवी ती पार्श्वभूमी बसविता येते. याला कीइंग म्हणतात. हिरवाच रंग का? माणसाच्या त्वचेत तो जवळजवळ नसतो. शिवाय डिजिटल कॅमेऱ्याच्या पटलावर हिरवा प्रकाश टिपणारे बिंदू तांबड्या किंवा निळ्या बिंदूंच्या दुप्पट असतात. ही मांडणी कोडॅकमधील ब्राइस बेयर यांनी शोधली, १९७६ साली तिचे पेटंट मिळाले. हिरव्या रंगाची माहिती सर्वांत स्वच्छ येते, म्हणून कडाही स्वच्छ कापल्या जातात.

कापडाच्या बाबतीत मात्र माझाच सल्ला चालला. चकाकी असलेले कापड चालत नाही, दिव्याचे पांढरे डाग पडतात. सुरकुती पडली की तिची सावली पडते आणि तेवढा भाग निराळा हिरवा होतो. म्हणून इस्त्री करून ताणून बांधावे. पात्र कापडापासून सहा-आठ फूट पुढे उभे करावे, नाहीतर हिरवी झाक गालांवर आणि केसांच्या कडांवर उतरते. आणि कापडावरचा प्रकाश सारखा हवा. पात्रावरचा प्रकाश पुढे बसवायच्या पार्श्वभूमीशी जुळता हवा. उन्हातला देखावा आणि घरातल्या दिव्यातले माणूस एकत्र आणले तर बालकालाही खोटेपणा कळतो.

एवढी तयारी करूनही पहिला प्रयोग फसला. पुतणीचे नुकतेच लग्न झाले होते. तिला कापडापुढे उभे केले. संगणकाने हिरवे काढले आणि तिच्या दोन्ही मनगटांना भोके पडली. हातांत लग्नाचा हिरवा चुडा होता! पंजे हवेत तरंगताना पाहून घरातील मुले दिवसभर हसत होती. हिरवी साडी, हिरवा चुडा असेल तेथे निळे कापड लावावे, हे आम्ही असे शिकलो.

चित्राचा कोणता भाग दिसावा आणि कोणता पारदर्शक राहावा याची नोंद प्रत्येक बिंदूसोबत वेगळी ठेवली जाते. तिला अल्फा चॅनेल म्हणतात. ती कल्पना १९७० च्या दशकातील, आणि चित्रांचे थर एकमेकांवर चढविण्याचे गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली सुसूत्रपणे मांडले. आजही सारे कॉम्पोझिटिंग त्यावर उभे आहे. जेथे हिरवे कापड लावता येत नाही तेथे माणसाची बाह्यरेषा प्रत्येक चित्रात हाताने आखावी लागते. हे रोटोस्कोपी. दहा सेकंदांत २५० चित्रे. संगणक आता बरेच साह्य करतो, तरी बोटे आणि केस माणसालाच पाहावे लागतात. पुतण्याने आठ सेकंदांच्या एका दृश्यावर अकरा रात्री घालविल्या. नवशिक्याला कारखान्यात प्रथम हेच काम मिळते. अजगर आणि अग्निगोल करायला मिळतील या आशेने जाणाऱ्या मुलांना हे कोणी आधी सांगत नाही.

साधनांचा खर्च सर्वांना जाणून घ्यावासा वाटेल. संकलन आणि रंगसंस्कारासाठी 'दा विंची रिझॉल्व'ची विनामूल्य आवृत्ती वापरली. तिच्यातच कॉम्पोझिटिंगचा विभाग आहे. त्रिमितीय चित्रांसाठी 'ब्लेंडर', तोही पूर्णतः विनामूल्य. त्यावर तयार झालेल्या लॅटव्हियाच्या 'फ्लो' या चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर मिळाले, तेव्हा साधन फुकट म्हणजे हलके असे समजू नये. दुकानाचा हिशेबाचा संगणक दुसऱ्याच दिवशी थकला, म्हणून ग्राफिक्स कार्डासह नवा घेतला, ६८,००० रुपये. तिपाई १,२००, कॉलरला लावायचा माइक १,८००, दोन हार्ड डिस्क ९,२००. दोन अशासाठी की चांगल्या प्रतीच्या चित्रणाचे एक मिनिट सहज ७५० मेगाबाइट होते, तासाला ४५ गिगाबाइट. आणि एकच प्रत ठेवणे म्हणजे विम्यावाचून गोदाम ठेवणे. पोपटी पॉपलिनचे ५५८ रुपये बंधूंनी खरेदीभावाने पुतण्याच्या नावे टाकले. एकूण ८०,७५८.

दिवाळीच्या जाहिरातीखाली त्याने एक गाजलेले चित्रपटगीत लावले होते. दुसऱ्या दिवशी आवाज बंद झालेला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली गाण्याचे हक्क कोणाचे तरी असतात. दुकानाच्या प्रसिद्धीसाठी ते परवानगीवाचून वापरता येत नाही. आपला ट्रेडमार्क कोणी वापरला तर आपण गप्प बसतो काय?

माइकविषयी लिहिताना हात जड होतो. तो माइक आम्ही उशिरा घेतला.

आमच्या मातोश्री, ज्यांना घरात सारे 'बाई' म्हणतात, यांची आठवण टिपून ठेवावी असे भाद्रपदात ठरले. त्या मारवाडातून लग्न होऊन आल्या त्या प्रवासाची, आणि १९७२ च्या दुष्काळात शेतकऱ्यांची येणी वडिलांनी कशी सोडली त्याची. बाई पन्नास मिनिटे बोलल्या. मोबाइल सहा फुटांवर होता आणि डोक्यावर पंखा फिरत होता. चित्र उत्तम आले : प्रकाश, रंग, चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती. आवाज पंख्याने गिळला. संगणकाने पंखा पुसला तर बाईंचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा झाला. अंधुक चित्र माणूस सहन करतो, अस्पष्ट बोलणे नाही. चांगला माइक घेऊन पुन्हा बसू असे ठरले, तो मागविला, आणि तो येण्याच्या आधी बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. त्या आता बऱ्या आहेत, सर्वांना ओळखतात, परंतु वाणी परतली नाही. माझ्या वाचकांपैकी कोणाच्या घरी असे बोलणारे कोणी असेल, तर प्रथम पंखा बंद करावा आणि माइक छातीवर, तोंडापासून वीतभर अंतरावर लावावा. बाकी सारे नंतर शिकता येते.

आता बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर. आम्ही त्या संस्थेत जाऊन आलो. पत्रकावरची 'नोकरीची हमी' करारपत्रात 'नोकरीसाठी साह्य' झाली होती. मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांचे काम पाहू इच्छितो म्हटल्यावर दाखविण्यात आले ते परदेशी चित्रपटांचे तुकडे. आम्ही नमस्कार करून निघालो. व्यवसायाचे चित्र दुहेरी आहे. २०१४ साली मुंबईच्या प्राइम फोकसने लंडनची डबल निगेटिव्ह ही कंपनी आपल्यात सामील केली. आज डीएनईजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या कंपनीच्या 'ड्यून'च्या दुसऱ्या भागातील कामाला २०२५ साली ऑस्कर मिळाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत टेक्निकलर हा जुना समूह कोसळला आणि भारतातील त्याच्या कर्मचाऱ्यांवरही एकाएकी बेकारी आली. त्याआधी २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखक-अभिनेत्यांच्या संपाने काम आटले होते. दूरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकावर सारा माल अवलंबून असला की काय होते, हे आपल्याला सांगायला नको. उधारीचे म्हणाल तर पुतण्याने एका परिचितांच्या समारंभाची चित्रफीत करून दिली. पैसे चौऱ्याण्णव दिवसांनी आले, तेही दोन वेळा फोन केल्यावर. बंधूंनी ऐकून मान हलविली. "म्हणजे आपल्यासारखेच," ते म्हणाले.

अक्षय तृतीयेनंतर पुतण्या एका लहान स्टुडिओत शिकाऊ म्हणून जाणार आहे. विद्यावेतन दुकानातील नोकराच्या पगाराहून कमी. वर्षाने पुन्हा बसून हिशेब पाहायचा असे ठरले आहे; त्या वर्षात दुकानाचे काम कोणी पाहायचे हे अजून ठरलेले नाही आणि वहिनींची नाराजी कायम आहे.

तोपर्यंत रात्री आम्ही बाईंची ती फीत घेऊन बसतो. आवाज दुरुस्त होणार नाही, म्हणून वाक्यावाक्याखाली अक्षरे घालीत आहोत. एकेक वाक्य दहादहा वेळा ऐकावे लागते. पन्नासांपैकी एकतीस मिनिटे झाली आहेत. गेल्या आठवड्यात एका शब्दावर तीन रात्री अडलो होतो. बंधू कधी आत आले ते कळलेही नाही. पुतण्याच्या खांद्यावरून वाकून त्यांनी तो तुकडा दोनदा ऐकला.

"मांजरपाट म्हणतेय ती," ते म्हणाले. "बहात्तर साली दुसरे काय खपत होते? पुढचे लाव."