रिटर्न भरायला खर्च किती यायला हवा?

आयकर खात्याच्या पोर्टलवर रिटर्न भरायला एक रुपयाही लागत नाही. तरी बदलापूरहून सीएसएमटी लोकल पकडणारे, अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला जाणारे आणि उल्हासनगरात दुकान चालवणारे कितीतरी जण त्यासाठी पैसे मोजतात. काहींना ते मोजावेच लागतात, पण बऱ्याच जणांना त्याची गरज नसते. आपण कुठे बसतो, हे फॉर्मवरून ठरतं.

पगार, एक घर आणि बँकेचं व्याज एवढंच उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल, तर आयटीआर-१, म्हणजे ‘सहज’. पॅन टाकून लॉगिन केलं की पगार, कापलेला टीडीएस, व्याज हे बरंचसं आधीच भरलेलं दिसतं. फॉर्म १६ शेजारी ठेवायचा, एआयएस, म्हणजे पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण, उघडायचं आणि एकेक आकडा जुळवायचा. एफडीचं व्याज निसटतं ते इथेच. शेवटी आधारच्या ओटीपीने ई-व्हेरिफाय करायचं. तेही मोफत, पण ३० दिवसांच्या आत.

लहान दुकानदाराला आयटीआर-४, ‘सुगम’. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर ठोक नफा दाखवता येतो : रोख विक्रीवर किमान ८ टक्के, यूपीआय किंवा बँकेतून आलेल्या पैशांवर ६ टक्के. समजा, वर्षाची विक्री ३० लाख, सगळी यूपीआयने. मग किमान नफा १ लाख ८० हजार. प्रत्यक्षात जास्त कमावलं असेल तर जास्तच दाखवायचं. मात्र जीन्सचं युनिट, कारागीर, जॉबवर्क, तोटा असा पसारा असेल तर आयटीआर-३ आला. तिथे सीएची फी सत्कारणी लागते.

खासगी सॉफ्टवेअर पैसे घेतं ते सोयीचे : ब्रोकरचं स्टेटमेंट थेट उचलणं, दोन नोकऱ्यांचे फॉर्म १६ एकत्र करणं, तज्ज्ञाचा सल्ला. ‘मोफत’ प्लॅन बहुधा साध्या पगारापुरता असतो. शेअरविक्री टाकली की वरचा प्लॅन घ्यावा लागतो. किमतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे ९९९ चे सुमारे १,१७९ रुपये होतात. म्हणून माहिती भरण्याआधी दरपत्रक नीट वाचा.

रिफंडच्या टक्केवारीवर फी मागणाऱ्यापासून चार हात लांब राहा. रिफंड म्हणजे आपलाच जास्तीचा कापलेला कर. तो फुगवण्यासाठी खोटं घरभाडं किंवा देणगी दाखवली, तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. नोटीस येते ती पॅन ज्याचं त्याला.

सगळ्यात महाग पडतो तो उशीर. पगारदारांची मुदत साधारणतः ३१ जुलै. २०२५ मध्ये ती १६ सप्टेंबरपर्यंत वाढली, पण दर वर्षी तसं होईलच असं नाही. मुदत चुकली की ५,००० रुपये विलंब शुल्क. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर शून्य होतो, पण म्हणून हे शुल्क माफ होत नाही.

बदलापुरात कर्ज काढून फ्लॅट घेतलेल्यांनी तर तारीख पाळायलाच हवी. स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते, आणि मुदतीनंतर पगारदाराला जुनी प्रणाली निवडता येत नाही. फी वाचवायला चार दिवस थांबलात आणि तारीख गेली, तर हजारोंचा फटका बसू शकतो.

तेव्हा आधी सरकारी पोर्टलवर स्वतः बसा. दोन्ही प्रणालींत कर किती येतो ते पाहा आणि भरलेलं सेव्ह करून ठेवा. कुठे अडलं तर तेवढ्याच मुद्द्यासाठी जाणकार गाठा, त्या कामाची फी आधी ठरवा, पासवर्ड देऊ नका आणि सबमिट करण्यापूर्वी रिटर्न स्वतः वाचा. पैसे द्यायचेच तर ज्ञानाचे द्या. नुसतं बटण दाबायला पैसे लागत नाहीत.