लेबलावरचा वेग आणि हातातला वेग

थानावर पन्हा 44 इंच छापलेला असला तरी कापड पाण्यातून काढून मोजल्याशिवाय आम्ही सौदा पक्का करीत नाही. अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी विकल्या जाणाऱ्या कंपाउंड धनुष्यालाही हाच कायदा लागू आहे.

लेबलावर वेग सेकंदाला 330 फूट लिहिलेला असतो. तो बहुधा 70 पौंड ताण, 30 इंच खेच आणि 350 ग्रेनचा हलका बाण धरून मोजलेला असतो. गिऱ्हाइकाची खेच 28 इंच असली तर इंचामागे सुमारे 10 फूट घटतात. जड बाणाने आणखी घट येते. पण तो खोल शिरतो आणि धनुष्याचा आवाजही कमी होतो. हा सौदा तोट्याचा नाही. 280 फूट वेगाच्या बाणाला 40 यार्ड गाठायला सेकंदाच्या चार दशांशाहून जास्त वेळ लागतो. आवाज त्याच्या कितीतरी आधी पोहोचतो, हरीण दचकून खाली दबते, वार भलत्या जागी बसतो आणि मुके जनावर तडफडत राहते.

साइटच्या पिना 20, 30, 40 यार्डांवर लावतात. वेग जास्त तर पिना जवळजवळ येतात, अंतराच्या अंदाजातली थोडी चूक खपून जाते. मात्र ज्या बाणाने शिकार करायची, त्याच बाणाने पिना लावाव्यात. बाण बदलला की हिशेब नव्याने मांडावा.

भारतात 1972 च्या कायद्याने शिकारीला मनाई आहे. पण माल कोणताही असो, लेबल वाचावे आणि माप स्वतः घ्यावे.