फुफ्फुसाचा आजार, हृदयाचं चित्र आणि ‘किती दिवस?’ हा प्रश्न

मी डॉक्टर आहे, पण तत्त्वज्ञानाचा. औषध देणारा नव्हे. आजचा प्रश्न मात्र दोन्ही प्रकारच्या डॉक्टरांचा आहे. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार. धाप लागते फुफ्फुसामुळे, मग डॉक्टर हृदयाचा इको का काढायला सांगतात? आणि त्यावरून पुढचं भाकीत कसं करतात?

आपल्याकडे हा आजार फक्त विडी-सिगारेटचा नाही. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, गोवऱ्या जाळून वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बायांनाही तो होतो. दिल्लीत डॉ. पद्मावती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९मध्ये फुफ्फुसामुळे हृदय बिघडलेल्या १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्त्रियांचं मोठं प्रमाण त्यांना दिसलं, आणि त्यांनी बोट ठेवलं ते घरातल्या धुरावर.

आता बघा, हृदयाची उजवी बाजू रक्त फुफ्फुसांकडे पाठवते. हे काम कमी दाबाचं. दंडावर मोजतो त्या दाबाच्या साधारण एक पंचमांश. म्हणून उजव्या जवनिकेची भिंत पातळ असते. फुफ्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन कमी, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. हे फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६मध्ये दाखवलं. शेतकरी पडीक वाफ्याचं पाणी बंद करून पिकाच्या वाफ्याकडे वळवतो, तसंच हे. व्यवस्था शहाणपणाचीच आहे. पण सगळेच वाफे पडीक झाले तर? सगळीकडे दारं बंद, आणि मागे दाब वाढतो. पातळ भिंतीची जवनिका आधी जाड होते, मग ताणली जाते, शेवटी थकते. पायांना सूज येते.

हे पाहायला इको. स्वीडनमध्ये १९५३मध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी धडधडतं हृदय टिपलं, तिथून हे तंत्र आलं. त्यात दोन गोष्टी प्रामुख्यानं बघतात. एक, उजव्या झडपेतून उलट येणाऱ्या रक्ताचा वेग, त्यावरून दाबाचा अंदाज बांधता येतो. दुसरी, प्रत्येक ठोक्याला त्या झडपेची कड किती सरकते; १७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर उजवी बाजू अशक्त समजतात. दाब जास्त आणि हालचाल कमी असलेल्या रुग्णांचं आयुर्मान एकूणात कमी आढळतं. मात्र सीओपीडीत फुफ्फुसं हवेनं फुगलेली असतात, लहरी नीट पोहोचत नाहीत, आणि चित्र अनेकदा अस्पष्ट येतं. नक्की दाब हवा असेल तर नळी हृदयापर्यंत न्यावी लागते.

आता माझ्या प्रांतातला मुद्दा. घरचे विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, बाबांचे किती दिवस?’ इकोकडे याचं उत्तर नाही. ‘अशा शंभरातल्या किती जणांचं काय झालं’ हे तो सांगू शकतो. ‘त्या शंभरात तुमचे बाबा कुठे’ हे नाही. समूहाबद्दलचं विधान एका माणसावर तसंच्या तसं लादणं ही तर्काची चूक आहे. ती केली की अहवाल जन्मपत्रिका होतो, आणि माणूस प्रयत्न सोडतो.

मग भाकीत करायचं कशाला? खोटं ठरवता यावं म्हणून! ब्रिटनमध्ये १९८१मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण नेमके असेच: रक्तात ऑक्सिजन कमी, उजवं हृदय बिघडलेलं. ज्यांना ऑक्सिजन दिला नाही अशा ४५ जणांपैकी पाच वर्षांत ३० दगावले. ज्यांना घरी रोज किमान १५ तास दिला अशा ४२ जणांपैकी १९. आजार तोच होता, पण कृती बदलली आणि आकडा बदलला. अर्थात हा फायदा रक्तात ऑक्सिजन खूपच कमी असणाऱ्यांना. तपासणी न करता सिलिंडर घरी आणण्यात अर्थ नाही. आणि आणलाच, तर चूल आणि विडी त्याच्या आसपासही नको.

तेव्हा अहवाल हातात आला की ‘किती दिवस?’ याच्या आधी विचारा, ‘आता काय करता येईल?’ धूर थांबवता येईल का, ऑक्सिजन मोजला का, लस घेतली का? ज्योतिषी भविष्य सांगतो आणि दक्षिणा घेऊन उठतो. डॉक्टरनं भाकीत सांगितल्यावर मात्र खरं काम तिथून सुरू होतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.